मोटरचा सूर

सांगलीला कॉलेजच्या कंट्रोल लॅबमध्ये एक डीसी मोटर होती आणि तिच्या पॅनेलवर गेन कमीजास्त करायचा काळा नॉब. साल १९९३. तो नॉब किती फिरवायचा, हे पुस्तकात नव्हतं. ते लॅबच्या मामांच्या कानात होतं. गेन जास्त झाला की मोटरचा वेग हेलकावे घ्यायचा, आवाज चढायचा-उतरायचा. मामा पलीकडच्या टेबलावरूनच म्हणायचे, "ताई, जरा मागं घ्या." मागं घेतलं की सूर सरळ लागायचा.

बाकी सगळं कागदावर. नागरथ-गोपालचं पुस्तक, बोडे प्लॉटला सेमीलॉग कागद, रूट लोकसला साधा ग्राफपेपर. सबमिशनच्या आदल्या रात्री एकीचा लोकस चौघींच्या जर्नलात उतरायचा, पण तो अमुक ठिकाणी का वळला यावर हॉस्टेलच्या खोलीत पहाटेपर्यंत वाद चालायचा. मला विषय कळला तो त्या वादांत.

आता पन्नाशी ओलांडल्यावर पुण्यात बसून मी जॉर्जिया टेकचं ऑनलाइन मास्टर्स करते आहे. अटलांटाला सकाळ होते तेव्हा माझी स्वयंपाकाची वेळ असते. रोबोटिक्सच्या विषयाचे व्हिडिओ-धडे सेबास्टियन थ्रन यांचे. २००४ साली मोहावीच्या वाळवंटात चालकाविना धावायच्या शर्यतीत एकही गाडी १२ किलोमीटरच्या पुढे गेली नव्हती. पुढच्याच वर्षी थ्रन यांच्या चमूच्या 'स्टॅनली'ने २१२ किलोमीटर पार करून ती जिंकली. त्या माणसाचा पहिला धडा मात्र पाच चौकोनांचा: दोन लाल, तीन हिरवे. आपण कुठे उभे आहोत हे रोबोटला माहीत नाही, म्हणून प्रत्येक चौकोनाला ०.२. मग त्याला लाल रंग दिसतो. पण सेन्सर चुकूही शकतो, म्हणून लाल चौकोनांना ०.६ने गुणायचं, हिरव्यांना ०.२ने, आणि बेरीज पुन्हा एक करायची. लाल चौकोन प्रत्येकी एक तृतीयांश होतात, हिरवे एक नवमांश. शंका मिटत नाही, फक्त नीट वाटली जाते. सांगलीच्या लॅबमध्ये टॅकोजनरेटरने दाखवलेला मोटरचा वेग आम्ही खराच मानायचो. त्या काट्यावर अविश्वास दाखवायचंही गणित असतं, हे तो धडा पाहिला त्या रात्री कळलं आणि मला झोप आली नाही. हे सांगायला शेजारच्या कॉटवर कोणी नव्हतं. इतकं दिलं या शिक्षणाने, पण तेवढी जागा रिकामीच राहिली.

पुढे पीआयडी कंट्रोल आलं. गाडी मार्गावर ठेवायची, तीन गेन ठरवायचे. त्यासाठी 'ट्विडल' नावाची रीत आहे: एक गेन जरा वाढवून पाहायचा, चूक घटली तर तो ठेवून पुढचं पाऊल मोठं घ्यायचं, नाहीतर उलट्या बाजूने पाहायचं, तेही जमलं नाही तर पाऊल लहान करायचं. कोड लिहिता लिहिता माझा हात थांबला. जरा मागं घ्या. मामा दुसरं काय करत होते?

स्क्रीनवरची रेघ हेलकावत हेलकावत मार्गावर येऊन बसली. घरात पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. हा विषय शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी मोटर बिघडताना ऐकावी, असं मला फार वाटतं.

शनिवारी तपकीर गल्लीत जाऊन एक छोटी डीसी मोटर आणि एक नॉब घेऊन आले. लॅपटॉपवर ट्विडल चालू असतं, तेव्हा मी तो हळूहळू फिरवते आणि ऐकत राहते.