छाननीच्या तक्त्यावरची सही

आमच्या विद्यापीठाच्या गणित विभागात बीजगणिताच्या प्राध्यापकाची जागा बरीच वर्षं रिकामी आहे. शासनाची परवानगी, आरक्षणाची बिंदुनामावली, न्यायालयातल्या याचिका अशी कारणं बैठकांमध्ये सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. पण मी विभागप्रमुख असताना ही जागा भरण्याची संधी एकदा आली होती. परवानगी मिळाली होती, जाहिरात निघाली होती, योग्य व्यक्तीचा अर्जही आला होता. तरी जागा भरली नाही, आणि त्यात माझा वाटा मोठा आहे. त्या वेळची फाईल कुणी उघडून पाहिली तर त्याला एकही नियमभंग सापडणार नाही. फाईलमध्ये जे दिसत नाही ते सांगायला हवं, म्हणून लिहितो आहे.

जागा मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी निर्धास्त झालो. आता काम कुलसचिवांच्या कार्यालयाचं, असं मी धरून चाललो. जाहिरात वर्तमानपत्रात येईल, लोक अर्ज करतील. सहायक प्राध्यापकाच्या जागेला हे लागू पडतं. नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर राबणारी मुलं जाहिरातीची वाटच पाहत असतात. पन्नाशीला आलेला चांगला गणिती नोकरीच्या जाहिराती वाचत नाही. त्याचं घर, त्याचे पीएच.डी.चे विद्यार्थी, जोडीदाराची नोकरी, सगळं एका गावात रुजलेलं असतं. अशा माणसाला जाऊन विचारावं लागतं.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे कळत होतं. १९३० मध्ये अलीगढला गणिताचा प्रमुख म्हणून आलेला फ्रेंच गणिती आंद्रे वेल तेव्हा पंचविशीचाही नव्हता, पण त्यानं विजयराघवन आणि दामोदर धर्मानंद कोसंबी यांना आपल्या विभागात आणलं. मुंबई विद्यापीठात १९६३ मध्ये शरदचंद्र श्रीखंडे बनारसहून विभागप्रमुख म्हणून आले आणि तिथलं गणिताचं प्रगत अध्ययन केंद्र त्यांच्या हाताखाली उभं राहिलं. त्यांच्यामुळे चयनगणिताची एक पिढी मुंबईत घडली. एका माणसाच्या येण्यानं विभाग बदलतो, हे मी विद्यार्थ्यांना अभिमानानं सांगत असे.

त्या काळी मोकळीक जास्त होती, हे खरं. पण फोन करून ‘आमच्याकडे जागा निघाली आहे, अर्ज कराल का?’ एवढं विचारायला आजच्या नियमांतही बंदी नाही. मी कोणालाच विचारलं नाही. उद्या कुणी म्हणेल, प्रमुखांनी आपला माणूस आधीच ठरवला होता, ही भीती होती. शिवाय विभागातले एक सहकारी त्या जागेची आशा धरून होते. रोज दुपारी त्यांच्यासोबत डबा खायचा आणि बाहेरच्या माणसाला ‘या’ म्हणून आग्रह करायचा, हे माझ्याच्यानं झालं नाही. याला मी तेव्हा निःपक्षपातीपणा म्हणत होतो. तो भिडस्तपणा होता.

एवढं असूनही एक अर्ज आला, तो आम्हाला मिळालेलं दानच होतं. बाई दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत होत्या. विषय कम्युटेटिव्ह अल्जिब्रा. मूळच्या आमच्याच भागातल्या. घरी आई-वडील थकले होते, म्हणून परत यायचं होतं. त्यांचे दोन निबंध मी स्वतः वाचलेले होते, एका निबंधातली युक्ती एम.एस्सी.च्या वर्गात शिकवलीही होती. अर्ज पाहून मला आनंद झाला आणि मी तो इतरांच्या अर्जांबरोबर छाननीच्या गठ्ठ्यात ठेवून दिला.

छाननी २०१८ च्या यूजीसी नियमावलीनुसार होती. प्राध्यापकपदासाठी पीएच.डी., किमान १० शोधनिबंध, १० वर्षांचा अनुभव, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला यशस्वी मार्गदर्शन आणि १२० संशोधन गुण. गुणांचा तक्ता ठरलेला आहे. विज्ञान शाखेतल्या निबंधाला ८ गुण. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर एकापेक्षा कमी असेल तर आणखी १०. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनापेक्षा जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना ३० टक्के.

प्रयोगशाळेच्या विज्ञानात ही वाटणी समजू शकते. तिथे पहिलं नाव कोणाचं यावर भांडणं होतात, कारण त्या जागेला अर्थ असतो. गणितात नावं बहुधा वर्णानुक्रमानं लिहितात. ‘अ’वरून आडनाव असलेला पहिला आणि ‘व’वरून असलेला शेवटचा, मग मूळ कल्पना कोणाचीही असो. बाईंचं आडनाव इंग्रजी वर्णमालेच्या शेवटाकडचं. त्यांचे १४ निबंध प्रत्येकी तिघांनी मिळून लिहिलेले, आणि त्या प्रत्येकात त्यांचं नाव शेवटी. १८ गुणांच्या निबंधाचे ५.४ या दरानं त्यांचे ७५.६ झाले. दोघांनी लिहिलेल्या दोन निबंधांचे २५.२, एका विद्यार्थ्याच्या पीएच.डी.चे १०, एका ग्रंथातल्या प्रकरणाचे ५. बेरीज ११५.८. निमंत्रित व्याख्यानांची यादी मोठी होती, पण प्रमाणपत्रं जोडलेली नव्हती, म्हणून त्यांचे गुण शून्य. गणितातली माणसं व्याख्यान देऊन परत येतात. प्रमाणपत्र मागून घेण्याची सवय त्यांना नसते.

आमच्या आतल्या सहकाऱ्यांचे गुण १२०च्या कितीतरी पुढे होते. ते प्रामाणिक शिक्षक आहेत आणि त्यांनी नियमाप्रमाणेच गुण मिळवले, त्यांना मी दोष देणार नाही. पण दोन्ही अर्ज शेजारी ठेवल्यावर कोणाचं गणित अधिक खोल आहे, हे मला विचारण्याचीही गरज नव्हती. इम्पॅक्ट फॅक्टर आधीच्या दोन वर्षांतल्या निबंधांना त्या वर्षी मिळालेल्या संदर्भांवरून काढतात. गणितात एखादा निबंध तपासून छापून यायलाच वर्ष-दोन वर्षं जातात, आणि चांगला निकाल लोक दहा वर्षांनी वापरायला लागतात. बीजगणितातली बरीच नामांकित नियतकालिकंसुद्धा त्या मोजपट्टीवर एकाच्या खालीच राहतात.

कार्यालयातले कक्ष अधिकारी माझ्यासमोर तक्ता घेऊन बसले होते. त्यांनी साधा प्रश्न विचारला, “सर, यात फर्स्ट ऑथर कोण धरायचा?” मी छापलेल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. प्रत्येक निबंधाला.

मला वर्णानुक्रमाचा प्रघात माहीत नव्हता असं मी म्हणू शकत नाही. माझे स्वतःचे निबंध तसेच छापलेले आहेत. बाईंनी अर्जासोबत अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं २००४ चं निवेदनही जोडलं होतं. गणितात बहुतेक शाखांत नावं वर्णानुक्रमानं येतात, असं त्यात स्वच्छ म्हटलेलं आहे. ‘यादीबाहेरचं जोडपत्र’ म्हणून ते मी बाजूला ठेवलं. नियमात ‘मुख्य’ हा शब्द आहे. गणितात तिन्ही लेखक मुख्य असतात, एवढं एका पानाचं टिपण विभागप्रमुख म्हणून मी लिहिलं असतं तर समितीपुढे तो विषय गेला असता. त्याच नियमानं पाहिलं तर त्यांचे गुण दोनशेच्या वर जात होते. पण टिपण लिहिलं की त्याखाली माझं नाव, आणि ते नाव सहकाऱ्याच्या विरोधात वाचलं जाणार. मी तक्त्यावर सही केली. बाईंना ‘अपात्र’ असं पत्र गेलं.

त्या रात्री मला श्रीखंड्यांची आठवण झाली. लॅटिन चौरसांबद्दलचं १७८२ मधलं ऑयलरचं अनुमान १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी खोटं ठरवलं, आणि ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. पुढच्या वर्षी त्या तिघांच्या नावानं जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात पहिलं नाव बोस यांचं आहे. माझ्या बोटानं त्या निबंधातही श्रीखंड्यांना ३० टक्केच दिले असते. हे मनात आलं, तरी दुसऱ्या दिवशी जाऊन मी काही बदललं नाही.

बाईंनी मुदतीत आक्षेप नोंदवला. अतिशय संयत पत्र होतं. कुलगुरूंनी ते बाहेरच्या एका तज्ज्ञाकडे पाठवलं, तज्ज्ञांनी त्यांना पात्र ठरवलं आणि मुलाखतीचं बोलावणं गेलं. म्हणजे जे मी करायला हवं होतं ते उमेदवाराला स्वतःसाठी भांडून करून घ्यावं लागलं. परक्या गावाहून घरी येऊ पाहणाऱ्या माणसाला आम्ही दारात उभं करून कागद मागितले.

मुलाखतीबद्दल थोडक्यात सांगतो. नियमावली उमेदवाराचं व्याख्यान किंवा परिसंवाद ठेवायची मुभा देते. आदल्या दिवशी विभागात त्यांचं एक व्याख्यान ठेवलं असतं तर विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यांना ऐकलं असतं, त्यांनाही विभाग दिसला असता. मी तशी मागणी केली नाही. मुलाखत नॅक, निधी, उद्योगांशी करार या प्रश्नांत संपली. तिघा बाहेरच्या तज्ज्ञांपैकी एकानं त्यांच्या कामाबद्दल विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला, पण वेळ संपत आला होता. निवड मात्र त्यांचीच झाली, आणि मला हायसं वाटलं. वाटलं, झालं ते निस्तरलं.

मला सगळ्यात जास्त सलते ती यानंतरची गोष्ट. नेमणूकपत्रासोबत वेतनस्तर १४, सुरुवातीचं मूळ वेतन १,४४,२०० असं छापील वाक्य गेलं. बाईंचं वेतन तेव्हाच त्याच्या पुढे होतं. त्यांनी मला मेल लिहिला. वेतनाला संरक्षण मिळेल का? त्या २००४ च्या आधी केंद्राच्या सेवेत लागलेल्या, म्हणजे जुन्या पेन्शनच्या. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना ती नाही, मग त्यांचं काय होईल? आठवड्याला १४ तास शिकवायचं, त्यात संशोधन विद्यार्थ्यांचा वेळ धरतात का? ग्रंथालयात मॅथसायनेट, म्हणजे गणिताच्या निबंधांची ऑनलाइन सूची, आहे का? शेवटी एक ओळ होती: सध्याच्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध पूर्ण होईपर्यंत महिन्यातून एकदा जुन्या संस्थेत जायला परवानगी मिळेल का?

यातला एकही प्रश्न अवास्तव नव्हता. मागच्या सेवेची गणना करण्याचं कलम नियमावलीत आहे. पेन्शनचा प्रश्न लेखा विभागाकडून लेखी सोडवून घेता आला असता, निदान ‘नाही’ असं तरी कळवता आलं असतं. मॅथसायनेट आमच्याकडे नव्हतं, पण नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्स गणिताच्या ग्रंथालयांना मदत करतं, तिथे अर्ज करू असं सांगता आलं असतं. शेवटची परवानगी तर मी तोंडी देऊ शकत होतो. मी लिहिलं, “मॅडम, आपण रुजू व्हा, पुढचं सगळं आल्यावर बघू. विद्यापीठ आपलंच आहे.” मला ते आपुलकीचं वाटलं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी लेखा विभागाला एक पत्र टाकलं आणि उत्तराची वाट पाहत बसलो. त्या पत्राचा पाठपुरावा मी केला नाही. परीक्षा चालू होत्या, हे कारण मी स्वतःलाच दिलं. रुजू होण्याची मुदत संपत आली आणि बाईंनी नम्रपणे नकार कळवला. प्रतीक्षा यादीतले उमेदवार तोवर दुसरीकडे गेले होते. जागा पुन्हा बिंदुनामावलीच्या फेऱ्यात अडकली.

त्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. बीजगणिताचे वरच्या पातळीचे पर्यायी पेपर शिकवायला कोणी नाही, म्हणून ते अभ्यासक्रमात छापलेलेच राहिले. बीजगणिताची ओढ असलेल्या एका हुशार मुलीनं माझ्याकडे येऊन विचारलं, “सर, मला गाईड कोण मिळेल?” मी तिला बाहेर जायला सांगितलं. ती गेली आणि चांगलं करते आहे, पण तिच्यामागे आलेल्या, घरच्या परिस्थितीमुळे बाहेर जाऊ न शकणाऱ्या मुलांना मी काय सांगणार होतो?

पुढे एका परिषदेत बाईंची भेट झाली. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “सर, पेन्शन मिळणार नाही असं तुम्ही स्पष्ट लिहिलं असतं, तरी मी कदाचित आले असते. आई-वडिलांसाठी घरी तसं बोलणंही झालं होतं. पण तुमच्याकडून उत्तरच आलं नाही. येण्याआधीच उत्तर मिळत नसेल तर आल्यावर माझ्या विद्यार्थ्यांसाठी मी कुणाकडे जाणार, असं वाटलं.” त्यांच्या वडिलांचं त्या वर्षीच निधन झालं होतं. त्या विषयावर आम्ही पुढे बोललो नाही.

वर्णानुक्रमाचं ते टिपण मी शेवटी लिहिलं, निवृत्तीच्या थोडं आधी. गणितातल्या संयुक्त निबंधांत सर्व लेखकांना मुख्य लेखक धरावं, अशी त्यात शिफारस आहे. अधिष्ठात्यांनी ते पुढे पाठवलं. विद्यापरिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर ते येतं आणि वेळेअभावी राहून जातं. दर बैठकीआधी मी आठवणीचं पत्र देतो. आताच्या विभागप्रमुख बाई माझ्या विद्यार्थिनी आहेत. जाहिरात निघण्याआधी कोणाला फोन करावा, याची नावं मी त्यांना दिली आहेत. वेतन, पेन्शन आणि तासांबद्दलची लेखी उत्तरं लेखा विभागाकडून आधीच मागवून ठेवली आहेत, त्यातलं पेन्शनचं उत्तर अजून यायचं आहे. यादीतल्या दोघांशी त्या बोलल्या आहेत. त्यातले एक जण येत्या जुलैमध्ये आमच्या विद्यार्थ्यांसमोर आठवडाभर व्याख्यानं द्यायला येणार आहेत.