गिरणगावास, खानावळवालीच्या मुलीकडून

ती. गिरणगाव यांस,


इकडील सर्व क्षेम. लालबागच्या मिरची गल्लीत मसाला कांडायला यंदाही रांगा लागल्या. आमची चाळ मात्र आता पाडायला घेतली आहे. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, ते तुम्हांला मी काय सांगावं!

तुमचे उपकार मोठे. मारामाऱ्यांत सोडावॉटरच्या बाटल्या फुटताना आम्ही पाहिल्या, धुराड्यांची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवरून झटकली. तरी दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची तेव्हा रस्ते माणसांनी भरलेले असत, म्हणून आम्हां मुलींना तुमच्या गल्ल्यांत कधी भीती वाटली नाही.

पण एक गाऱ्हाणं आहे. तुमच्याविषयी लिहिलेलं मी सगळं वाचते. त्यात भोंगा असतो, लाल बावटा असतो, अण्णाभाऊ साठे, अमर शेख, नारायण सुर्वे असतात. असायलाच हवेत. माझी आई मात्र कुठेच नसते. तिच्या हातचं जेवून तुमचे मोर्चे निघाले, मग तिला विसरलात कसे?

कोकणातले, घाटावरचे गडी एकेका खोलीत दाटीवाटीनं राहत आणि पाळीप्रमाणे आलटूनपालटून झोपत. बायकामुलं गावी, म्हणून जेवण आईच्या खानावळीत. पहिली पाळी सातची, म्हणून आई चारलाच स्टोव्ह पेटवायची. डबे भरून होतात न होतात तोच रात्रपाळीवाले जेवायला हजर. खोलीत पंगत बसलेली, आमचा अभ्यास गॅलरीत. पैसे मिळत पगार झाल्यावर; तोवर वाण्याची उधारी नाहीतर सावकाराकडे मंगळसूत्र गहाण. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे अशा बायकांना बँकेचं दार दिसलं.

मग १८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. आईनं कुणाचं ताट बंद केलं नाही. महिने लोटले, गडी एकेक करून गावी परतले आणि आईच्या उधारीच्या वहीत नुसती नावं उरली. पुढे कितीतरी वर्षांनी कणकवलीकडचे एक काका मुद्दाम येऊन देणं फेडून गेले; आईनं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, हे सगळेच लिहितात. त्या वह्यांविषयी कोण लिहिणार?

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं ठरलं आहे. तिथे साचे ठेवा, भोंगा ठेवा. पण शेजारी खानावळीची एक खोलीही असू द्या: स्टोव्ह, परात, डबे, उधारीची वही. आणि तुमच्या लेकीसुनांना एवढं सांगा, पुनर्विकासासाठी घर रिकामं करताना माळ्यावर अशी वही सापडली, तर ती रद्दीत घालू नका.

आपली,
लालबागच्या खानावळवालीची मुलगी