दाब सोडला का?

आमच्या तासगाव भागात द्राक्षबागेत मोठा ट्रॅक्टर चालत नाही. मांडवाखालून, दोन ओळींच्या मधून जायचं तर छोटाच लागतो. आमचा 24 एचपीचा. 2014 साली धाकट्या भावानं त्याला पुढं लोडर बसवून घेतला आणि उकिरड्यावरचं शेणखत पाट्यांनी भरायचं काम संपलं. त्या दिवशी माझी कंबर सुटली, असं आई अजून म्हणते.

पण लोडर लावलेला ट्रॅक्टर बागेत वळत नाही. म्हणून फवारणीच्या दिवसांत तो काढून गोठ्याजवळ ठेवायचा आणि खत भरायच्या वेळी परत जोडायचा. पिना घालायला पाच मिनिटं पुरतात. खरं दुखणं चार पाईपांचं. दोन पाईप लोडरचे हात वर-खाली करणाऱ्या जॅकचे, दोन बकेट वळवणाऱ्या जॅकचे. पाईपाच्या टोकाला नर कपलर, ट्रॅक्टरच्या बाजूला मादी. कॉलर मागं ओढायची, दाबायचं, टक्क आवाज आला की बसला. सांगायला एवढंच.

मार्चअखेर होती. माल उतरला होता आणि खरड छाटणीच्या आधी बागेत चारी मारून शेणखत घालायचं होतं. मी रविवारचा सांगलीहून आलो होतो. लोडरसाठी भावानं मला न विचारता पैसे उचलले होते, त्यावरून आमचं जेवढ्यास तेवढंच बोलणं चाललं होतं. दुपारी एकच्या उन्हात दोघं पाईप जोडायला बसलो. एक कपलर आत जाईना. दाबला, हिसका दिला, बुडाखाली गुडघा लावला. जाईना. शेवटी भावानं लाकूड धरून वरून हातोडी मारली. बाकीचे तीन बसले, चौथा अर्धामुर्धा गेला.

"बसला का?" त्यानं विचारलं.

"बसला बसला," मी म्हणालो. टक्क आवाज मी ऐकला नव्हता. उन्हात अजून थांबायची आणि त्याच्याशी अजून बोलायची माझी इच्छा नव्हती.

मी ट्रॅक्टरवर बसलो. बकेट उकिरड्यात घातली, भरली, लिव्हर ओढली. हात मस्त वर गेले. थोडे खाली घ्यावेत म्हणून लिव्हर पुढं ढकलली, तर काही नाही. पुन्हा ढकलली. दोन-अडीच क्विंटल खत डोक्याच्या वर तसंच टांगलेलं.

"थांब, नट जरा सैल करतो," म्हणत भाऊ पाना घेऊन सरळ लोडरच्या हाताखाली वाकला. इंजिन चालू होतं. माझा हात लिव्हरवर होता आणि मी ती अजून मागं-पुढं करतच होतो.

"आरं ए! भाईर ये! भाईर ये आधी!"

शेजारच्या वस्तीवरचे मिस्त्री म्हशी घेऊन चालले होते. तीस वर्षं गॅरेजमध्ये काढलेला माणूस. म्हशी तिथंच सोडून ते धावत आले, भावाच्या सदऱ्याला धरून त्याला बाहेर ओढलं, मग माझ्याकडं वळून किल्ली फिरवून काढून घेतली.

"नट सैल झाला असता तर काय झालं असतं, कळतंय का? ते वजन त्या तेलावर उभं हाय. तेल सुटलं की हात खाली. मधी तुझा भाऊ."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

मग त्यांनी समजावलं. कपलरच्या तोंडात आतून गोळी असते. कपलर पूर्ण बसला तर दोन्हीकडच्या गोळ्या एकमेकींना ढकलून वाट मोकळी ठेवतात. अर्धवट बसला तर जाणारं तेल गोळी रेटून जातं, पण परत येणाऱ्या तेलाला तीच गोळी दार लावते. म्हणून वर गेलं, खाली येईना. लोडर वर जातो आणि उतरत नाही, तेव्हा जॅक खराब म्हणून बोंबलण्याआधी कपलर बघायचा.

त्यांनी किल्ली परत दिली, ती भाऊ लांब उभा राहिल्यावर. बकेटची लिव्हर चालत होती. ट्रॅक्टर सावकाश पुढं घेऊन खत आधी ट्रॉलीत ओतायला लावलं, आणि रिकामी बकेट त्या ढिगाच्या वर, वीतभर अंतरावर आणून थांबवली. "आता पडली तर वीतभर पडंल." इंजिन बंद. मग बाजूला उभं राहून, चिंधी गुंडाळून, पाईपाचा नट फक्त एक आटा सैल केला. तेल पाझरलं आणि बकेट हळू खतावर टेकली.

चिंधी कशाला, असं भावानं विचारलं. मिस्त्रींनी डावा हात पुढं केला. तर्जनी नव्हती. इतकी वर्षं बघत होतो, कधी विचारलं नव्हतं.

"पाईपाला सुईएवढं भोक हुतं. कुठं गळतंय म्हणून बोट फिरवलं. मुंगी चावल्यागत झालं, बस्स. रक्तसुद्धा न्हाई. संध्याकाळी हात भोपळ्यागत सुजला. तेल कातडीखाली गेलं हुतं. त्याच दिवशी दवाखान्यात गेलो असतो तर बोट ऱ्हायलं असतं."

मोटारसायकलच्या टायरात हवा दोन-अडीच बार असते. या पाईपात 150 बारच्या आसपास दाब असतो. गळती हातानं शोधायची नाही, पुठ्ठा फिरवायचा. पुठ्ठ्यावर तेलाचा डाग उमटतो.

"पर आधी कपलर का जात नव्हता?" भाऊ म्हणाला.

"पाईप उन्हात किती दिस पडलाय? आतलं तेल तापून फुगलं. त्याला जायला जागा न्हाई, म्हणून ते गोळीला आतून दाबून धरतं. तू भाईरनं हातोडी मारतोस. जिंकणार कोण?"

त्यांनी पाण्याच्या टाकीत पोतं भिजवून पाईपावर टाकलं. इंजिन बंद ठेवून ट्रॅक्टरच्या लिव्हर दोन-चार वेळा मागं-पुढं केल्या, म्हणजे त्या बाजूचा दाब टाकीत जातो. आईनं ताक आणलं. आम्ही गोठ्याच्या सावलीत बसलो. म्हशी शेजाऱ्याच्या कडवळात शिरल्या होत्या, त्या भाऊ हाकून आला. अर्ध्या तासानं कपलरच्या तोंडातली माती पुसून त्यानं एका हातानं दाबला. टक्क.

त्या अर्ध्या तासात पैशाचं बोलणंही झालं. फार काही नाही. मी विचारलं, हप्ता किती राहिलाय. त्यानं सांगितलं.

आता पाईपांना दोन रंगांच्या चिंध्या बांधल्यात. जोडी उलटी लागली की वरची लिव्हर खाली नेते, म्हणून. लोडर काढायच्या आधी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून लिव्हर हलवायची आणि पाईप सावलीत गुंडाळून ठेवायचे, हा नियम. काम चालू असताना किल्ली जोडणाऱ्याच्या खिशात. मी सांगलीहून फोन केला की भाऊ खत भरत असला तर मी एवढंच विचारतो, "दाब सोडला का?"

"सोडला," तो म्हणतो. "आणि किल्ली माझ्याच खिशात हाय."