पेटीवरून दारात

सूचना वाचताना पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं ते हंगामाच्या सणाच्या वर्गणीनंतर आणि तरुण संघाच्या सहलीच्या आधी. "पुढच्या रविवारपासून संगीताची जबाबदारी तरुण संघाकडे राहील. मास्तरांनी आजवर पेटीची सेवा केली, मंडळी त्यांची आभारी आहे. आता ते दारात स्वागताची आणि पुस्तकं वाटण्याची सेवा करतील." एवढंच. लगेच सहलीचे पैसे कोणाकडे भरायचे ते सांगितलं. मागच्या बाकांवरून थोड्या टाळ्या झाल्या. त्या माझ्यासाठी की सहलीसाठी, देव जाणे. मी पेटीपुढेच बसलेलो. पुढचं गीत मलाच वाजवायचं होतं, आणि वाजवलंही.

पेटी माझ्याकडे वडिलांकडून आली. ते शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत शिक्षक होते. दिवसा पाढे, रात्री भजन, आणि दोन्हींचा पगार एकच. मी पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, निवृत्तीला सावेडीत पाइपलाइन रोडच्या आत एका गल्लीत घर बांधलं. रविवारी स्कूटर काढायची, पत्रकार चौकातली गर्दी ओलांडायची आणि पहिली घंटा व्हायच्या आत पेटीचा भाता मोकळा करून ठेवायचा, असा नेम. नगरच्या ख्रिस्ती माणसाला पेटी-तबल्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक इथं १८३१ साली आले, तेव्हा गाणी मराठीत झाली तरी चाली त्यांच्याकडच्या होत्या. त्या आपल्या गळ्यात बसेनात. मग कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ह्याच नगरात ख्रिस्ताचं कीर्तन उभं केलं, पुढे रेव्हरंड टिळकांनी भजनं-अभंग दिले. आमची खेड्यापाड्यातली माणसं प्रवचनापेक्षा टाळ-मृदंगातून जास्त शिकली, असं माझे वडील म्हणायचे.

तर ही पेटी काढली आणि की-बोर्ड आणला. की-बोर्डवर माझा राग नाही. त्याला भाता मारावा लागत नाही, पावसाळ्यात सूर बसत नाहीत, पट्टी बदलायची तर बटण दाबलं की झालं. वाजवणारा मुलगाही गुणी आहे, माझ्यासमोर शब्बाथशाळेत वाढलेला. मला बोचलं ते एवढंच की मला आधी कोणी बोललं नाही. सावेडी काही लंडन नाही. हेच पाळकसाहेब माझ्या नव्या घराच्या प्रार्थनेला आले होते, शिरा खाऊन गेले होते, गच्चीवरून वाऱ्याचं कौतुक करून गेले होते. म्हणजे घर माहीत होतं. फोन होता. शनिवारी सराव होता, तेव्हाही ते पाच मिनिटं येऊन उभे राहिले, "छान चाललंय" म्हणाले आणि गेले. त्या वेळी त्यांच्या खिशात सूचनांचा कागद असणार. तो कागद आदल्या रात्री लिहिला की आठवडाभर आधी, पंच कमिटीत विषय कोणी काढला, कोण गप्प बसलं, ह्या सगळ्याचा मी पुढचे कित्येक दिवस तपास केला. एका पंचाने सांगितलं, "मास्तर, विषय झालाच नाही, साहेबांनी थेट सांगितलं." दुसरा म्हणाला, "झाला होता, पण तुमचं वय बघून..." माझं वय बघून काय, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. पेटी काही डोक्यावर घेऊन पळवायची नसते.

आणि "सेवा" म्हणायची पद्धत! माणसाला खाली उतरवायचं असलं की सेवा शब्द पुढे करायचा, म्हणजे तोंड उघडायची सोय राहत नाही. मी राजीनाम्याचं पत्र लिहिलं. मग लक्षात आलं, कशाचा राजीनामा? मला नेमणुकीचं पत्र कोणी दिलं नव्हतं. दुसऱ्या मंडळीत जावं असंही ठरवलं. नगरात ख्रिस्ती मंडळ्यांना तोटा नाही, रागावलेल्या माणसाला एक दार बंद झालं तर जायला चार उघडी असतात. आमच्यातल्या अर्ध्या नव्या मंडळ्या अशाच निघाल्या असतील, असं मला वाटतं. हे लिहू नये, पण वाटतं.

बायको पहिले काही दिवस माझ्या बाजूने बोलली. मग कंटाळली. भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, पेटी देवासाठी वाजवत होता ना? मग पुस्तकं देवासाठी वाटायला काय हरकत आहे? का देव फक्त पुढच्या बाकावरच बसतो?" मी उत्तर दिलं नाही. आत जाऊन पवित्र शास्त्र काढलं आणि त्यात रागावलेला माणूस शोधू लागलो. खरं सांगायचं तर मला दुजोरा हवा होता. सापडला तो नामान. राजे दुसरे, पाचवा अध्याय. अरामाचा सेनापती, अंगावर कोड. अलीशा संदेष्ट्याच्या दारात रथ-घोडे घेऊन उभा. संदेष्टा बाहेर येत नाही, निरोप्या पाठवून सांगतो की यार्देनेत सात वेळा बुडी मार. नामान भडकतो. त्याला वाटलेलं असं की संदेष्टा स्वतः बाहेर येईल, देवाचं नाव घेईल, हात फिरवील. नदीच हवी तर आमच्या दिमिष्कात काय कमी नद्या आहेत? मला हा माणूस फार आवडला. अपमान आज्ञेचा नव्हताच, निरोप्याचा होता! पण पुढे त्याचे चाकर त्याला समजावतात की एखादं अवघड काम सांगितलं असतं तर केलं असतंत ना, मग हे सोपं का नको? इथपर्यंत वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. स्वयंपाकघरातून भाकरीचा आवाज येत होता.

पुढच्या रविवारी दारात उभा राहिलो. नम्रतेने अजिबात नाही. तोंड पाडून.

पेटीवर बसलं की मंडळी समोरून दिसते, म्हणजे पुढच्या चार ओळी दिसतात. दारातून वेगळीच मंडळी दिसते. नागापूरच्या एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेला एक गडी शेवटच्या बाकावर बसतो, प्रवचनाला झोपतो आणि प्रार्थनेला बरोबर जागा होतो. तान्ही पोरं घेऊन आलेल्या बाया आत जातच नाहीत, पायरीवरच उभ्या राहून गातात. मी इतकी वर्षं तिथं होतो आणि ह्या बाया मला माहीत नव्हत्या. एक म्हातारी आपलं स्वतःचं 'उपासना संगीत' घेऊन येते. पुठ्ठा गेलेला, अनुक्रमणिका गळून पडलेली, पानांचे कोपरे कसरीने खाल्लेले, त्यामुळे गीतांचे क्रमांकच उरले नाहीत. फळ्यावर लिहिलेला आकडा तिला काही उपयोगाचा नाही. मी तिला नवं पुस्तक देऊ केलं, तिने घेतलं नाही. "मला सगळी तोंडपाठ हायेत, मास्तर. पण पान उघडं असलं की बरं वाटतं. तुम्ही तेवढं काढून द्या." मग मी प्रत्येक गीताला तिचं पान काढून देऊ लागलो. क्रमांकाशिवाय, नुसत्या ओळखीने. त्या पुस्तकाला वेखंडाचा वास येतो. ट्रंकेत ठेवते म्हणाली.

पान काढून दिल्यावर मी तिथंच उभा राहायचो, आणि दुसरं काहीच करायचं नसल्यामुळे गायचो. पेटी वाजवणारा गात नाही, हे बाहेरच्यांना कळत नाही. त्याचा एक कान तबल्याकडे, एक डोळा पाळकांकडे, मनात पुढचं गीत आणि पट्टी. ओठ हलतात, पण एकही गीत मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शब्दांकडे लक्ष देऊन म्हटलेलं नव्हतं. ती म्हातारी बेसूर गाते. मी तिच्या शेजारी, तिच्याच पट्टीत, म्हणजे कुठल्याच पट्टीत नाही, गात होतो आणि मला आनंद झाला. हे लिहिताना संकोच वाटतो, कारण तो आनंद मला नको होता. मला माझा अन्याय शाबूत हवा होता. पण झाला खरा. घरी येताना स्कूटरवर मी गुणगुणत होतो, आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर बायकोला कळू नये म्हणून थांबलो.

तरीही एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. नम्र व्हा, आज्ञा पाळा, हे आमच्याकडे वरून खाली सांगतात. पाळक मंडळीला, नवरा बायकोला, सासू सुनेला. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती गावकुसाबाहेरून आलेले. आमच्या आज्यांना नम्रता पुस्तकातून शिकावी लागली नाही, गावाने शिकवली होती. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांच्या अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या, तेव्हाही आम्हाला सहनशीलतेवर प्रवचनं ऐकायला मिळाली. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्त स्वतःला रिक्त करतो, दास होतो, मरणापर्यंत आज्ञा पाळतो. पण तो वरून खाली आला. जो खालीच आहे त्याने आणखी कुठं उतरायचं?

टिळकांचंच बघा. देवापुढे त्यांच्याइतका वाकलेला माणूस दाखवा. पण १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. ते पगार देणाऱ्यांची आज्ञा पाळत बसले नाहीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं त्याहून पुढचं. नवरा १८९५ला ख्रिस्ती झाला, म्हणून त्या लगेच मागे गेल्या नाहीत. सोवळं-ओवळं सांभाळत, भांडत, विचार करत राहिल्या आणि १९०० साली स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या हुकमाने घेतला असता तर त्यांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्रातला तो हसरा मोकळेपणा आला असता का, मला शंका आहे. म्हणून पोरांना सांगतो, आज्ञा कोणाची आहे ते आधी बघा. पाळकाचा प्रत्येक कागद देवाकडून येत नाही.

मग मी दारात कोणाची आज्ञा पाळत होतो? पाळकसाहेब चुकले, हे माझं मत कायम आहे. सांगायची रीत तर साफ चुकली. आणि त्या चुकीच्या कागदातून मला जे मिळालं ते तीस वर्षांच्या पेटीतून मिळालं नव्हतं, हेही कायम आहे. दोन्हींचा मेळ मला घालता येत नाही. ज्यांना येतो त्यांनी प्रवचन करावं, मी पुस्तकं वाटीन.

मध्ये पाळकसाहेबांची बदली झाली. नवे साहेब तरुण आहेत, आल्या आल्या सावेडीला घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मास्तर, की-बोर्ड राहू द्या, पण भजनाला पेटी पाहिजे. तुम्ही परत बसा." अगदी मला हवं होतं तसं, घरी येऊन, हात धरून. मी म्हणालो, बघू, दारात माणूस लागतो. ते गेल्यावर बायको म्हणाली, "आता आज्ञा कुठं गेली?" मी तिला म्हणालो, ती विनंती होती. ती हसली. मी अजून साहेबांना हो म्हटलेलं नाही, आणि हा नम्रपणा आहे की दारातल्या जागेचा नवा गर्व, हे मला ठरवता येत नाही.

तोवर एक विनंती. तुमच्या घरी 'उपासना संगीत' ची जुनी प्रत कपाटात पडून असेल, पुठ्ठा गेलेली असली तरी, ती रद्दीत घालू नका. रविवारी सोबत आणा आणि दारात द्या. आमच्याकडे पुस्तकं कमी पडतात, आणि पायरीवरच्या बायांपर्यंत ती कधी पोचतच नाहीत.