पाटीवरची पुस्तके

आमच्या गावात पुस्तकांचे दुकान नाही. तालुक्याला दोन आहेत. फलकावर मोठ्या अक्षरांत ‘पुस्तकालय’ लिहिलेले असले तरी आत वह्या, कंपासपेट्या, गाइडे आणि अपेक्षित प्रश्नसंच एवढेच मिळते. कादंबरी मागितली की दुकानदार विचारतो, “कितवीला आहे?” खऱ्या पुस्तकांसाठी सांगली गाठावी, नाहीतर पुण्याचा अप्पा बळवंत चौक. २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट झाले, तरी पुण्याला जायचे तर पुस्तकापेक्षा प्रवासच महाग पडतो.

गावात सार्वजनिक वाचनालय आहे. ‘ड’ वर्गाचे, चावडीशेजारी. संध्याकाळी ते उघडते तेव्हा बाहेरच्या कट्ट्यावर आणि आतल्या बाकांवर पुरुषमंडळी वर्तमानपत्रे घेऊन बसलेली असतात. तिथे जाऊ नको असे मला कोणी सांगितले नाही, पण मुली तिथे जात नाहीत. राहिले आपले महाविद्यालयाचे ग्रंथालय. तिथे आठ दिवसांसाठी दोन पुस्तके मिळतात. आठ दिवसांत दोन पुस्तके वाचायला मला वेळ मिळतो तो रात्री, आणि रात्रीचीच खरी अडचण आहे.

आमचे घर दोन खोल्यांचे. आप्पा बाजार समितीत हमाली करतात आणि पहाटे चारला उठतात, म्हणून नऊ वाजता दिवा जातो. मग मोबाइलवर वाच की, असे मैत्रिणी म्हणतात. घरात मोबाइल एकच, तोही आप्पांच्या उशाशी असतो. आणि असता माझ्याकडे, तरी काय झाले असते? अंधारात मोबाइलवर वाचणारी मुलगी आणि मोबाइलवर बोलणारी मुलगी लांबून सारखीच दिसते. आमच्या गल्लीत एका मुलीचे शिक्षण एवढ्याच कारणाने बारावीला थांबले. ती काय पाहत होती, हे कोणी विचारलेही नाही.

म्हणून ज्यावर फोन येत नाही, गाणी लागत नाहीत, फक्त पुस्तके वाचता येतात, अशा यंत्राचा मी ध्यास घेतला. शहरातल्या मित्रमैत्रिणींना ही चैन वाटेल. मोबाइल असताना वेगळे यंत्र कशाला, हा प्रश्न ज्यांच्या हातात स्वतःचा मोबाइल आहे त्यांनाच सुचतो.

उन्हाळ्यात मी तासगावकडच्या एका बेदाणा शेडवर प्रतवारीच्या कामाला गेले. दिवसाला ४०० रुपये, ४१ दिवस. आलेल्या १६,४०० रुपयांपैकी ८,००० घरात दिले आणि ८,४०० जवळ ठेवले. बेदाण्याचा चिकटपणा बोटांना आठवडाभर राहतो, तेव्हा हे पैसे मी जपून खर्च करणार हे ओघाने आलेच.

आता हे यंत्र असते तरी काय? आजीने पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती “पाटी गं ही” म्हणाली, आणि मला त्याहून चांगला शब्द सापडलेला नाही. हिचा पडदा मोबाइलसारखा पाठीमागून उजेड फेकत नाही. त्यात केसाएवढ्या बारीक कुप्या असतात, आणि प्रत्येक कुपीत विरुद्ध विद्युतभाराचे पांढरे आणि काळे कण. विजेचा जोर एका बाजूने लावला की काळे वर येतात, दुसऱ्या बाजूने लावला की पांढरे. एकदा अक्षर उमटले की ते धरून ठेवायला वीज लागत नाही. पान उलटतानाच काय ती लागते. म्हणूनच एकदा भारलेली पाटी आठवडे चालते, आणि आमच्याकडच्या भारनियमनात हा गुण लहान नाही. ही शाई तयार करणारी ‘ई इंक’ कंपनी अमेरिकेत १९९७ साली निघाली. २००४ मध्ये सोनीने जपानात तसा पडदा असलेले वाचनयंत्र विकायला काढले, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनचे किंडल आले. रात्री वाचता यावे म्हणून पडद्याच्या कडेला बारीक दिवे बसवलेले असतात. त्यांचा उजेड पानावर पडतो, डोळ्यांत नाही.

चौकशी सुरू केली तशी नावे कळू लागली. नवे किंडल पेपरव्हाइट एप्रिल २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा किंमत होती १६,९९९ रुपये. म्हणजे माझा अख्खा उन्हाळा आणि वर आप्पांचा एक दिवस. दुसरे कोबो. ही कॅनडातली कंपनी, पुढे जपानच्या राकुतेनने घेतली. ‘बुक’ ह्या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलटसुलट करून तिचे नाव केले आहे. कोबोवर ‘ईपब’ नावाच्या सर्वसाधारण स्वरूपातली पुस्तके सरळ उघडतात आणि ती कुठूनही आणता येतात, हे मला फार आवडले. किंडलला ईपब थेट चालत नाही. २०२२ पासून ते ॲमेझॉनकडे पाठवले की बदलून पाटीवर येते. एवढे पाहता मन कोबोकडे झुकत होते. पण आसपासच्या एकाही दुकानात मला ते दिसले नाही, आणि परदेशातून मागवलेली वस्तू बिघडली तर ती दाखवायची कुणाला?

शेवटी पाटी मिळाली ती आपल्याच महाविद्यालयातून गेलेल्या एका ताईकडून. त्यांना पुण्यात नोकरी लागली आणि त्यांनी नवी पाटी घेतली. जुने २०१९ चे साधे सहा इंची किंडल मला ४,५०० रुपयांना दिले. साध्या किंडलमध्ये दिवे पहिल्यांदा आले ते ह्याच. त्याच्या पडद्यावर इंचाला १६७ ठिपके, नव्या यंत्रांत ३००. इंग्रजी वाचताना हा फरक फारसा जाणवत नाही. आपली लिपी मात्र कडक परीक्षा घेते. ‘र्‍हस्व’ किंवा ‘तुष्टी’ असे शब्द लहान अक्षरांत वाचून पाहा. जोडाक्षरांतले भाग एकमेकांच्या अंगावर येतात. मी अक्षर दोन पायऱ्या मोठे केले आणि ती अडचण सोडवली. पानात मजकूर कमी मावतो, पाने जास्त उलटावी लागतात, एवढेच.

पाटी हातात देण्याआधी ताईंनी ती आपल्या खात्यातून काढली. त्याबरोबर त्यांची शंभरावर पुस्तके माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. त्यांच्या खात्यात ती होतीच, पण ह्या पाटीवर एकही उरले नाही. घरी मी हे सांगितले तेव्हा आजीने विचारले, “मग तू सासरी गेलीस की धाकटीला काय ऱ्हाणार? नुसती पाटीच?” हा प्रश्न मी इंग्रजीच्या सरांना विचारला. सर हसले आणि म्हणाले, “तुझी आजी कायद्याचे बोलते आहे.”

आजीचे बोलणे खरोखरच कायद्याचे होते. आपण ‘विकत घ्या’ ह्या बटणावर बोट ठेवतो तेव्हा बहुतेक ठिकाणी पुस्तक विकत घेत नसतो, वाचण्याचा परवाना घेत असतो. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदाच लागू झाला की, परवाना देत असाल तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगा. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेलची दोन पुस्तके लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली, कारण ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली. पण एका अमेरिकन विद्यार्थ्याने पुस्तकात केलेल्या अभ्यासाच्या टिपा वाया गेल्या आणि तो न्यायालयात गेला. काढलेल्या पुस्तकांतले एक ‘१९८४’ होते, म्हणजे सत्ता जुने कागद नाहीसे करते ती कादंबरी! मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले. विकलेली पुस्तके उघडेनाशी झाली, पैसे मात्र परत मिळाले. आपल्याकडे फ्लिपकार्टने डिसेंबर २०१५ मध्ये ई-पुस्तके बंद केली आणि गिऱ्हाइकांची पुस्तके कोबोकडे सोपवण्याची सोय केली. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून तारेने पाटीवर घालण्याची सोयही ॲमेझॉनने काढून घेतली. कुणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. आपण ज्याला आपले म्हणतो ते दुसऱ्याच्या कोठारात आहे, इतकेच.

मग पुस्तके घ्यावी तरी कुठून? ॲमेझॉनवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळतात आणि ती माझ्या पाटीवर नीट दिसतात. पुण्याच्या बुकगंगेवर मराठीचा साठा मोठा, पण तिची ई-पुस्तके तिच्याच ॲपमध्ये वाचायची. मोबाइल किंवा संगणक असणाऱ्याला उत्तम, माझ्या पाटीला निरुपयोगी. गूगलच्या दुकानाचेही माझ्यापुरते तेच. तुमच्या हातात कोणते यंत्र आहे त्यावर तुमचे दुकान ठरते, हे घेण्याआधी कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. किमतीत छापील आणि ई-पुस्तक ह्यांत दर वेळी मोठा फरक असतोच असे नाही. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे. जुलै २०१८ पर्यंत तो १८ टक्के होता, मग छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांपुरता ५ टक्क्यांवर आला.

फुकटाचा भाग मात्र समृद्ध आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांसाठी मोकळे होते. जोतीराव फुले, हरि नारायण आपटे, गडकरी, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी, बहिणाबाई, डॉ. आंबेडकर ह्यांचे लेखन आज मोकळे आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, तेव्हा ते २०३० उजाडताच मोकळे होतील. विकिस्रोतावर मराठी ग्रंथ आहेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशने पीडीएफ करून ठेवली आहेत, आणि ई-साहित्य प्रतिष्ठान नव्या लेखकांची पुस्तके मोफत देते. पण पीडीएफ म्हणजे पानाचे छायाचित्रच. सहा इंची पाटीवर मोठे पान आले की अक्षरे मोहरीएवढी होतात, आणि अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. ते बदलून घेऊ म्हटले तर आणखी एक गंमत. युनिकोडपूर्वीच्या श्रीलिपीसारख्या फाँटांत जुळवलेला मजकूर बदलताना त्याचा अगम्य इंग्रजी चिन्हांचा चिवडा होतो. मी पाटी आडवी धरून अर्धे पान अर्धे पान वाचते. सवय होते.

आणखी एक फुकटाचा मार्ग आपल्या वर्गातही चालतो, त्याचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. हयात लेखकांच्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ मोबाइलवरून फिरतात. मलाही कोणीतरी एकदम दोनशे पुस्तके देऊ केली होती. मी आप्पांना विचारले. ते चौथी शिकलेले, पण त्यांना वजनकाट्याची भाषा पक्की कळते. म्हणाले, “लिव्हणाऱ्याला त्यातलं काय मिळतंय?” काही नाही, म्हटले. “मग काटा मारल्यालाच झाला की.” मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे लागतात. ज्याने लिहिले त्याच्या वाट्याला आधीच थोडे असते, त्यातही आपण काटा मारायचा?

पाटी घेऊन ३,९०० रुपये उरले. त्यांतून दोनच ई-पुस्तके घेतली, दोन्ही इंग्रजी. कारण शब्दावर बोट ठेवले की अर्थ दिसतो, आणि घरी ज्याला विचारावे असे कोणी नसलेल्या माझ्यासारखीला तो शिकवणीवर्गच आहे. उरलेल्या पैशांत सात छापील मराठी पुस्तके सांगलीहून आणली. त्यांवर धाकटीने आधी आपले नाव घातले आणि मग माझे. धान्याच्या कोठीवर फळी टाकून ती मांडली आहेत. आमच्या घरातली पाठ्यपुस्तके सोडून ही पहिलीच पुस्तके. पाटी रात्री माझ्याकडे असते. आप्पांनी पहिल्या दोन रात्री उठून पाहिले, काळी अक्षरे दिसली, तिसऱ्या रात्री नुसतेच म्हणाले, “डोळं जप.”

ताईंसारखी जुनी पाटी सगळ्यांना मिळणार नाही. माझ्या वर्गात एसटीने येणाऱ्या निदान नऊ मुलींच्या घरी रात्रीची तीच अडचण आहे. म्हणून आम्ही ग्रंथालयाकडे अर्ज केला आहे : अशा चार पाट्या घ्याव्यात, त्यांत मोकळे झालेले मराठी साहित्य भरावे आणि पुस्तकांसारख्याच आठ दिवसांसाठी द्याव्यात. ग्रंथपाल सरांनी अर्ज वाचून दोन प्रश्न काढले. पाट्यांचे खाते कुणाच्या नावाने उघडायचे? आणि पाटी फुटली तर दंड किती? दुसऱ्याचे उत्तर आम्ही दिले आहे, पुस्तक हरवल्यावर घेता त्याच हिशेबाने घ्या. पहिल्याचे उत्तर शोधायला सरांनी पुढच्या महिन्यातल्या समितीच्या बैठकीपर्यंत मुदत दिली आहे. कुणाला सुचले तर कला शाखेच्या द्वितीय वर्षाच्या वर्गात येऊन सांगावे.