कंदिलातून निघाला तारा

दिवाळीचा कंदील माळ्यावर टाकलात? उतरवा बरं! नाताळचा तारा त्याच्याच कामट्यांतून होतो.

सारख्या लांबीच्या १० कामट्या कापा. पाच-पाचच्या दोन चांदण्या करा, एकमेकींवर ठेवून टोकं दोऱ्याने बांधा. मधल्या पाच कोपऱ्यांत छोट्या काड्या अडकवल्या की तारा फुगतो. वरून पतंगाचा कागद, आत एलईडी बल्ब. भूमितीची भीती नको. १८३०च्या दशकात जर्मनीतल्या नीस्कीच्या शाळेत कागदी तारे भूमितीच्या तासालाच बनले होते. तोरण अर्थात संत्र्याचं! पातळ चकत्या ओव्हनमध्ये १०० अंशांवर तीनेक तास सुकवा नि ओवा.

सदरमध्ये शेजारी राहणाऱ्या आंटींचा तारा दरवर्षी त्यांचा मुलगा बनवायचा. यंदा तो कॅनडात, म्हणून मी बसले. ‘घट्ट बांध पोरी, वाऱ्यानं सुटते. गाठी माझा पोरगाच बांधे,’ त्या म्हणाल्या आणि बराच वेळ दोराच गुंडाळत राहिल्या.

विकतचा तारा पाच मिनिटांत लागतो. घरच्याला दोघांची अख्खी दुपार लागते, आणि आंटींना तीच हवी होती. तुमच्या गल्लीतही असं एखादं घर असेलच. या रविवारी कामट्या घेऊन जा की!