जीर्णाचा उद्धार

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्स्टन शहराबाहेर ॲशली नदीच्या काठी ‘ड्रेटन हॉल’ नावाचा विटांचा जुना वाडा आहे. इंग्रजी अमदानीत, १७३८ च्या सुमारास, जॉन ड्रेटन या जमीनदाराने तो बांधावयास घेतला. समोरचा दुमजली, खांबांचा सज्जा इटालियन स्थपती पॅलाडिओ याच्या धर्तीचा. तो न्याहाळून मी मोठ्या अपेक्षेने आत पाऊल टाकले.

आत सामान असे काही नाहीच! ना पलंग, ना गालिचे. रिकामी दालने आणि टवके उडालेला रंग. ड्रेटन घराण्याच्या सात पिढ्यांनी वाडा सांभाळला; पण घरात विजेचे दिवे आले नाहीत, की नळाचे पाणी. यादवी युद्धाच्या धुमाळीत, १८६५ साली, नदीकाठचे शेजारचे वाडे जळाले, हा वाचला. मात्र त्याच्या दोन बाजूंच्या जोडइमारतींपैकी एक १८८६ च्या भूकंपात गेली, दुसरी १८९३ च्या वादळात.

१९७४ साली वाडा ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेकडे आला, तेव्हा प्रश्न पडला : दुरुस्त करावयाचा, तो कोणत्या सालचा? १७३८ चा थाट आणावा, तर पुढच्या पिढ्यांनी मुलांची उंची मोजून केलेल्या खुणा पुसाव्या लागतील. ठरले ते असे : पडझड थांबवावी, नवे रूप देऊ नये.

हे काम सोपे नव्हे. जुनी वीट मऊ असते. सांध्यात सिमेंट भरले, तर ओल आत कोंडते आणि विटेचेच पापुद्रे सुटू लागतात. तिला चुनाच मानवतो.

वाडा उभा राहिला, तो गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांच्या कष्टांवर. आवारातच त्यांची दफनभूमी आहे. तेथला झाडोराही मुद्दाम तसाच राखला आहे. दालने रेशमी पडद्यांनी नटवली असती, तर मालकाचे वैभव तेवढे डोळ्यांत भरले असते. उघड्या भिंतींपाशी मात्र त्या राबणाऱ्या हातांची आठवण होते.

आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे पुष्कळदा काळ्या पाषाणावर ऑइलपेंट आणि अंगणात चकचकीत फरशी. वर्गात या समासाचा विग्रह ‘जीर्णाचा उद्धार’ असा मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. आपण उद्धार हौसेने करतो. जीर्ण तेवढे नाहीसे होते. ड्रेटन हॉलमध्ये ते अजून जागेवर आहे.